आवाजाची वाटणी

२०१६ साली दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे ११ ऑक्टोबरला, सरकारने आमच्या आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी केली. एकाचे चार जिल्हे झाले. कोळशाच्या बहुतेक खाणी मंचेरियालला गेल्या, लाकडी खेळणी आणि बासरची सरस्वती निर्मलला गेली, जोडेघाट आसिफाबादकडे गेलं आणि आमच्या वाट्याला कुंटाला धबधबा, केसलापूरचा नागोबा आणि कापसाचा बाजार राहिला. तशी वाटणीची सवय आम्हाला जुनी आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, तेव्हा किनवट आणि राजुरा आमच्या जिल्ह्यातून उचलून राज्याच्या सीमेपलीकडे नेले होते. माझी वहिनी किनवटची. "आम्ही तुमच्यातून निघालो म्हणूनच सुधारलो," असं ती अजूनही म्हणते. इतिहासाबद्दल म्हणते की दादाबद्दल, हे मी कधी विचारलेलं नाही.

वाटणीचं वारं साथीसारखं असतं. त्याच दिवाळीत दादाने आणि मी आमच्या वाड्याचे दोन केले. मधोमध नऊ इंची भिंत उभी राहिली. जैनथच्या वाटेवरची सोळा एकरं आठ-आठ झाली. भांडी मोजली गेली, खाटा मोजल्या गेल्या. पाटा दादाकडे गेला आणि वरवंटा माझ्याकडे आला, तेव्हापासून दोन्ही घरांत मिक्सर आहे. विजेचे मीटर वेगळे झाले, नळ वेगळे झाले, अंगणातल्या लिंबाची सावलीसुद्धा सकाळी त्याची आणि दुपारनंतर माझी, अशी ठरली.

फक्त दोन गोष्टी वाटणीपत्रात बसेनात. एक आई आणि दुसरा बाबांचा रेकॉर्ड प्लेअर.

आईने आपला निकाल आपणच लावला. "मी देवघर सोडणार नाही," ती म्हणाली. देवघर वाड्याच्या बरोबर मधोमध, त्यामुळे भिंतीला तिथे वळसा घालावा लागला. राहिला रेकॉर्ड प्लेअर. बाबांनी हैदराबादच्या सुलतान बाजारातून एकेक करून आणलेल्या त्रेसष्ट रेकॉर्डी, त्यांत भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, सुब्बुलक्ष्मींचं सुप्रभातम आणि घंटसालांची गीता. मामा पंच म्हणून बसले होते. त्यांनी पुष्कळ विचार करून तोडगा सुचवला, "रेकॉर्डची एक बाजू थोरल्याची, दुसरी बाजू धाकट्याची." दादा लगेच म्हणाला, "चालते. मले पहिली बाजू पायजे." मीही पहिल्याच बाजूसाठी अडून बसलो. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

शेवटी आई बोलली, "मशीन देवघरात राहील. आवाज दोन्हीकडे सोडा."

"आवाज दोन्हीकडे सोडा" हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. करायला, तेही मी निवृत्त झाल्यावर, आम्हाला तीन वर्षं लागली.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत छत्तीस वर्षं भाषा शिकवली आहे. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण निवृत्त माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटतं आणि बायकोला त्याने काहीतरी करावं असं वाटतं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. देवघरातल्या एकाच अँप्लिफायरला मी स्पीकरच्या डब्यांच्या चार जोड्या जोडल्या. दोन जोड्या आमच्याकडे, दोन दादाकडे. स्पीकरच्या तारा पिळल्या, चिकटपट्टी लावली आणि भीमसेनजींना सुरुवात केली.

आवाज आला! चारी खोल्यांत आला! दादाने भिंतीपलीकडून "हाव, आला!" अशी आरोळी मारली. वाटणीनंतर तो माझ्याशी थेट बोललेला हा पहिलाच शब्द. पंधरा मिनिटांनी घरभर करपल्याचा वास सुटला. वहिनीला वाटलं आमच्याकडे फोडणी करपली, आमच्या हिला वाटलं त्यांच्याकडे. दोघींनी भिंतीच्या दोन बाजूंनी आपापल्या नवऱ्याला ऐकू येईल अशा बेताने एकमेकींच्या स्वयंपाकाचं मूल्यमापन केलं. तेवढ्या वेळात देवघरातला अँप्लिफायर शांतपणे वारला.

त्याला मेकॅनिककडे नेलं. गावात त्याला सगळे 'भाई' म्हणतात. भाईने झाकण उघडलं, वास घेतला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"कित्ते डबे लगाए थे साब?"

"एका बाजूला चार."

"आठ ओमवाले?"

मी डब्यामागे वाचलं होतं, आठच होतं.

"आठ के चार जोडे तो दो ओम हुआ ना साब. ये बिचारा चार ओम का बंदा. हौला हो को मरा."

मला गणित कळलं नाही, पण दुःख कळलं. चार डबे समांतर जोडले की त्यांचा एकूण विरोध चौथाई होतो. विरोध कमी म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे ट्रान्झिस्टर तापणार. घरात विरोध कमी असला की बरं, असं मी आयुष्यभर समजत होतो. इथे उलटं निघालं.

"पावर कायकू बाटते साब?" भाई म्हणाला. "सिग्नल बाटो."

मग त्याने मला जे समजावलं ते मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो म्हणून समजलो. रेकॉर्डवरची सुई जो सिग्नल देते तो चार-पाच हजारांश व्होल्टचा, म्हणजे म्हाताऱ्याच्या कुजबुजीएवढा. प्रीअँप तो उचलून बोलण्याएवढा करतो. प्रीअँप म्हणजे घरातला कारभारी, तो फक्त हुकूम देतो. अँप्लिफायर म्हणजे गडी, नांगर तो ओढतो. एका गड्याला चार नांगर ओढायला लावले तर तो बसणारच. पण कारभाऱ्याने "बैल जुंपा" म्हटलं आणि ते चार गड्यांनी ऐकलं, तर हुकूम काही पाव होत नाही. म्हणून प्रीअँप एकच ठेवायचा, त्याच्या तोंडाला वाय पिन लावायची आणि प्रत्येक घरात वेगळा अँप्लिफायर बसवायचा.

"पण आवाज अर्धा-अर्धा होईल ना?" मी विचारलं. वाटणी म्हटली की अर्धं होतंच, ही माझी पक्की समजूत.

"नै होता. अँप्लिफायर सिग्नल पीता नै साब, खाली सूंघता."

घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. प्रीअँपचा आतला विरोध सहाशे ओम धरला. अँप्लिफायरच्या तोंडाचा विरोध सत्तेचाळीस हजार ओम. एक अँप्लिफायर लावला तर शंभरातले जवळपास पावणेनव्याण्णव भाग सिग्नल पोचतो. दोन लावले तर विरोध निम्मा होतो, साडेतेवीस हजार, आणि पोचतो साडेसत्त्याण्णव. म्हणजे वाटणीत नुकसान शंभराला सव्वा. एवढा फरक माणसाच्या कानाला कळत नाही. खालचा विरोध वरच्याच्या दहापट तरी ठेवला की झालं. हा नियम मी आनंदाने भिंतीवरून दादाला सांगितला.

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाटणी झाली अन् कोणाचंच कमी नाई झालं?"

"नाही."

"मंग यात घोळ हाय, मास्तर."

त्याची शंका चुकीची नव्हती. फक्त घोळ कुठे आहे ते कळायला वेळ लागला.

साठ रुपयांची वाय पिन आली. तिचे दोन पाय सारखेच होते, पण एकाची तार लाल आणि दुसऱ्याची काळी. लाल आपल्याला हवी, असं दोन्ही घरांना वाटलं. शेवटी भाईने दोन्ही तारांवर काळी पट्टी गुंडाळली. गावात या माणसाची अक्कल वाया जाते आहे असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे मी जुना अँप्लिफायर दुरुस्त करून घेतला. दादाने कापूस विकून आलेल्या पैशातून भाईकडूनच नवा बांधून घेतला, त्यात मोठे ट्रान्झिस्टर आणि निळा दिवा. आता सिग्नल एकच, पण दोघांची भूक वेगळी. दादाच्या मशीनला पाव व्होल्टमध्ये कंठ फुटायचा, माझ्याला पूर्ण व्होल्ट लागायचा. आईने देवघरातलं बटण माझ्यापुरतं वाढवलं की दादाच्या घरातली पितळी भांडी फडताळावरून खाली यायची. दादापुरतं कमी केलं की माझ्याकडे पंडितजी खिशातल्या रेडिओतून गायल्यासारखे वाटायचे. उपाय सोपा होता, दादाने आपल्या मशीनचं बटण कमी करायचं. पण नव्या मशीनचं बटण कमी करणं म्हणजे नव्या बुलेटवरून बैलगाडीमागे जाणं.

मग मी माझं बटण वाढवलं. त्याने त्याचं वाढवलं. लवकरच एक चमत्कार सुरू झाला. माझ्या डब्यातून आलेली तान अंगण ओलांडून पुन्हा यायची. तारेतून सिग्नल दोन्ही घरांत एकाच क्षणी पोचतो, पण दादाची ओसरी माझ्या खुर्चीपासून सतरा मीटर लांब, आणि हवेत आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर चालतो. म्हणजे दादाकडचे भीमसेनजी माझ्या कानापर्यंत एक विसांश सेकंद उशिरा पोचत. देवघरात बसलेल्या आईला दोन्हीकडचे ऐकू येत. तिने जप थांबवून विचारलं, "आज पंडितजींच्या मागे कोण गातंय? चांगला आहे पोरगा."

एवढ्यात माझ्या मुलाने हातभार लावला. हैदराबादेत नोकरी करतो, सुट्टीला आला होता. त्याला तेलुगू सिनेमाची गाणी ऐकायची होती. त्याने तीच वाय पिन उलटी करून तिच्या दोन पायांत एकीकडे प्रीअँप आणि दुसरीकडे फोन जोडला. "एकाचे दोन होतात तर दोनाचा एक का नाही?" असं त्याचं म्हणणं. अभियंता आहे. दोन कारभारी एकाच वेळी हुकूम सोडू लागले. दोघे एकमेकांनाच ढकलत राहिले, आणि डब्यातून कुमार गंधर्व घसा बसल्यासारखे आणि सिनेमाचा नायक सर्दी झाल्यासारखा ऐकू येऊ लागला. भाईने येऊन पिन काढून घेतली. "एक का दो चलता बेटा, दो का एक नै चलता." आमची ही दारात उभी होती. ती म्हणाली, "हे मी लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं होतं."

मग धप्प प्रकरण उद्भवलं. मशीन बंद-चालू करायचा क्रम असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. आईने रात्री देवघरातला प्रीअँप बंद केला आणि दोन्ही घरांतले अँप्लिफायर चालूच राहिले, की प्रीअँपने शेवटचा दिलेला गचका दोघे इमानाने शंभरपट करून डब्यांत सोडत. धप्प! पारवे उडायचे. दादाची म्हैस दावं तोडायची. भाईने नियम सांगितला, आधी प्रीअँप चालू करायचा, मग अँप्लिफायर, आणि बंद करताना आधी अँप्लिफायर, मग प्रीअँप. मी तो असा लक्षात ठेवला की अँप्लिफायर हा सभेचा अध्यक्ष असतो. सगळे जमल्यावर येतो, सगळ्यांच्या आधी निघतो.

पण दोन घरांत दोन अध्यक्ष. एक निघाला हे दुसऱ्याला कळायचं कसं? दादा आणि मी फारसे बोलत नव्हतो. मग मिस्ड कॉलची पद्धत बसवली. एक रिंग म्हणजे "मी बंद केलं", दोन रिंगा म्हणजे "आईला सांग". नऊ इंची भिंतीच्या दोन बाजूंना पाठ टेकून दोन म्हातारे रोज रात्री एकमेकांना फोन करत आणि उचलत नसत. कंपनीला आमच्याकडून एक पैसा मिळाला नाही, पण टॉवरला आमच्याबद्दल काहीतरी वाटत असणार.

आणि हे सगळं जमल्यावर, वाय पिन नीट बसल्यावर, बटणांचा तह झाल्यावर, ते सुरू झालं.

घुंऽऽऽ.

पहाटेच्या शांततेत हरिपाठ सुरू होण्याआधी. घुंऽऽऽ. दोन अभंगांच्या मधल्या जागेत. घुंऽऽऽ. आईला वाटलं भुंगा आहे, तिने देवघराची खिडकी उघडून त्याला वाट दिली. शेजारचे तेलुगूचे सर म्हणाले, "सर, तुमची मोटर कोरडी चालते आहे." वहिनीने आईमार्फत निरोप पाठवला की आमची ही पहाटे साडेपाचला मुद्दाम मिक्सर लावते.

मी तारा बदलल्या. जाळीच्या आणल्या, जाड आणल्या, ट्यूबलाइटपासून लांब नेल्या, देव्हाऱ्यामागून फिरवल्या. घुंऽऽऽ. मी माझा अँप्लिफायर एकटा लावून बघितला, चिडीचूप. दादाने त्याचा एकटा लावला, चिडीचूप. दोघांचे एकाच वेळी लावले की घुंऽऽऽ. म्हणजे दोघंही निर्दोष आणि एकत्र आले की कटकट. हे निदान आमच्या बाबतीत मामांनी दहा वर्षांपूर्वीच केलं होतं, पण तेव्हा कोणी ऐकलं नाही.

कोणीतरी सांगितलं, अर्थिंग कच्चं आहे. मे महिना होता. आदिलाबादचा मे म्हणजे चव्वेचाळीस अंशांची गोष्ट. त्या उन्हात मी परसात अर्थिंगचा खड्डा उकरला, लोणारी कोळसा आणला, मीठ आणलं, एक थर याचा, एक थर त्याचा, अशी बिर्याणी लावली आणि वरून पाणी घातलं. रोज दोन बादल्या. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत आणि मी जमिनीला पाणी पाजतोय. एकीने थांबून विचारलं, "सर, काय लावलं?"

"अर्थिंग."

"मग फळ कधी येते?"

भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज आला. मी दोन बादल्या घालतो हे बघून दादाने तीन घालायला सुरुवात केली होती. आमच्या दोघांच्याही जमिनी आता उत्तम झाल्या. घुं दुप्पट झाली.

एका रात्री मला एक युक्ती सुचली, आणि ही युक्ती वाचकांनी मुळीच करू नये म्हणून सांगतो. मी दादाच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकली. घुं थांबली! मी स्वतःवर इतका खूश झालो की जिलेबी आणली. दुसऱ्या दिवशी वहिनीने ओल्या हाताने त्या निळ्या दिव्याच्या मशीनला हात लावला आणि तिला असा झटका बसला की किनवटच्या माहेरच्यांची नावं तिने एका दमात घेतली. तिला काही झालं नाही. मला बरंच झालं. भाईने पिन परत लावली आणि बायकोसमोर म्हणाला, "जान से बढ़ के गाना नै होता साब."

मग त्याने एक छोटी डबी बसवली. तिच्यात दोन वेटोळी असतात. सिग्नल एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जातो, पण तार तारेला शिवत नाही. आईला हे फार आवडलं. "म्हणजे सोवळ्यातलं," ती म्हणाली, "वरून पाणी वाढतात तसं." घुं गेली. पण डबी स्वस्तातली होती. तिने सोवळ्याच्या नावाखाली खालचे सूर खाऊन टाकले. तबल्यातला बायां गेला, पखवाज गेला, पंडितजी कमरेपासून वर उरले. दादाचा निरोप आला, "माझ्या हिश्श्याचा पखवाज मास्तरनं ठेवून घेतला."

आता भाईलाही ईर्षा आली. त्याने मीटर घेतलं आणि माझ्या बोर्डाची अर्थिंग आणि दादाच्या बोर्डाची अर्थिंग यांच्यामध्ये दोन टोकं धरली. काटा हलला. थोडासाच, पण हलला.

"देखो साब. दोनों की जमीन अलग-अलग है."

"ती तर २०१६ पासूनच आहे," मी म्हणालो.

"वोईच तो. मीटर अलग, अर्थिंग अलग. इदर की जमीन जरा ऊपर, उदर की जरा नीचे. बीच में आपका वाय का वायर. तो करंट जमीन से जमीन घूमता, वायर की जाली में से. वोईच घुं है. पचास का."

मी बसलो. इतके दिवस मी या घुंला भुंगा, मोटर, मिक्सर आणि पूर्वजांचा कोप समजत होतो. हे साधं धुऱ्याचं भांडण होतं! दोन भावांच्या दोन जमिनी, एकीची पातळी दुसरीपेक्षा केसभर वर, आणि त्यांच्यामधून गेलेली एकच तार. सिग्नलच्या वाटणीत कोणाचंच काही कमी झालं नव्हतं. वांधा जमिनीच्या वाटणीत होता. आणि आम्ही दोघांनी बादल्या ओतून ओतून आपापली बाजू भक्कम केली होती.

"उपाय?"

"सब एक बोर्ड पे लेओ. एक मीटर, एक जमीन."

कोणाच्या मीटरवर? इथे पंधरा दिवस गेले. दादाचं म्हणणं, त्याच्या मीटरवर जमणार नाही. तेलंगणात २०२४ पासून रेशनकार्डवाल्यांना दोनशे युनिटांपर्यंत शून्य बिल येतं. दादाचा वापर एकशे पंच्याण्णवच्या आसपास असतो आणि शेवटची पाच युनिटं तो पंखा बंद करून सांभाळतो. माझ्या आवाजामुळे दोनशे एक झालं तर? माझं म्हणणं, मला पेन्शन आहे आणि शून्य बिल नाही, म्हणून गावाचं बिल मी भरावं का? मी पुन्हा वही काढली. दोन अँप्लिफायर मिळून ऐंशी वॅट, रोज दोन तास, महिन्याला पाच युनिटंसुद्धा होत नाहीत. टपरीवरच्या दोन-तीन कप चहाची किंमत. एवढ्यावर आम्ही मामांना दोनदा बसने बोलावलं. त्यांचं तिकीट त्याहून जास्त झालं.

बोलणी फिसकटत आली तेव्हा भाई टॉर्च घेऊन दाराजवळच्या मीटरच्या फळीसमोर उभा होता.

"साब, ये तीसरा किसका है?"

आम्ही दोघं गेलो. दोन नव्या मीटरांच्या मागे, कोळ्याच्या जाळ्यात, एक जुना काळा मीटर होता. तबकडी हळूहळू फिरत होती. देवघराची लाइन अजून त्याच्यावर होती. वाटणीच्या वेळी दादाला वाटलं तो मीटर मी काढला, मला वाटलं दादाने काढला. बिल दर महिन्याला बाबांच्या नावाने यायचं आणि आई कनवटीच्या पैशातून, आम्हा दोघांना न सांगता, शेजारच्या पोराला पाठवून भरायची.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, "मास्तर, तू तं शिकलेला होता." मी म्हणालो, "तू थोरला होतास." वाटणीनंतर समोरासमोर उभं राहून आम्ही बोललेली ही पहिली दोन वाक्यं.

मग सगळं सोपं झालं. दोन्ही अँप्लिफायर देवघरात आणले, निळ्या दिव्याचं आणि जुनं, शेजारी शेजारी. प्रीअँप त्यांच्यावर. तिघे एका बोर्डावर, बोर्ड बाबांच्या मीटरवर. वाय पिन आता वीतभर तारेची. भिंतीतून दोन्हीकडे गेल्या त्या फक्त स्पीकरच्या जाड तारा. भाईने बटण दाबलं. मी कान लावला, दादाने कान लावला, आईने खिडकी बंद केली.

काही नाही. घुं नाही. इतकी शांतता झाली की भिंतीपलीकडून वहिनी आमच्या हिच्याबद्दल वन्संना काय सांगत होती ते पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं. घुंचे काही उपकारही होते.

आता तिन्ही मशिनांची सगळी बटणं आईच्या हाताखाली आहेत. पहाटे साडेपाचला दोन्ही घरांत हरिपाठ लागतो, हवा असो वा नसो. आवाज किती ठेवायचा हे तीच ठरवते. कुमार गंधर्व हवे असतील तर अर्ज करावा लागतो. तीन वर्षं खपून, दोन खड्डे खणून आम्ही आवाजाची जी वाटणी केली, ती अशी.

जुन्या मीटरचं बिल आता आम्ही भाऊ आळीपाळीने भरतो. एक महिना त्याचा, एक माझा. जानेवारीपासून दादाने सुरुवात केली. परवा तो कॅलेंडर घेऊन आला. त्याच्या वाट्याला जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर येतात, एकूण एकशे चौऱ्याऐंशी दिवस. माझ्या वाट्याला फेब्रुवारी आल्यामुळे एकशे एक्याऐंशी. वर्षाला तीन दिवस तो जास्त भरतो. मामांना बोलावलं. वर्षातले तीन दिवस मशीन बंद ठेवायचं, असं ठरलं आहे.

ते तीन दिवस कोणते, यावर बोलणी चालू आहेत.